घरी वस्तऱ्याने दाढी: लोक या वाटेला का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी वस्तऱ्याने दाढी करतो म्हटलं की समोरचा आधी आपल्या गळ्याकडे बघतो. तिथे काही खूण दिसली नाही की प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहेत की उत्तरं एका जागी लिहून ठेवणं सोयीचं वाटलं. यातली काही उत्तरं वस्तरे विकणाऱ्यांना आवडणार नाहीत.

थोडक्यात सांगा, लोक या भानगडीत का पडतात?

रोजच्या रोज हाताने नीट करायचं एखादं काम असावं म्हणून. बाकीची कारणं असतात, पण ती बहुतेकदा घरच्यांना सांगण्यापुरती.

कुणालाही विचारा, चार कारणं ठरलेली: पैसे वाचतात, दाढी गुळगुळीत होते, त्वचेला बरं, प्लास्टिकचा कचरा नाही. चारही अगदी खोटी नाहीत. पण ही चारही कामं साध्या दुधारी ब्लेडच्या रेझरने तितकीच चांगली होतात, आणि निम्म्याहून कमी कटकटीत. तरीही माणूस वस्तऱ्याकडे वळतो, कारण त्याला ती कटकटच हवी असते. पातं गालावर असताना फोन बघता येत नाही, ऑफिसच्या मेलला मनातल्या मनात उत्तर देता येत नाही. लक्ष उडालं की चेहऱ्यावर लगेच हिशेब होतो. सकाळची वीस मिनिटं अशी एका कामात जाणं आता दुर्मिळ झालंय, आणि त्याचीच अनेकांना गोडी लागते.

दुसरा मोठा गट धारेच्या वेडाने येतो. सुतारकाम करणारे, रंधा-पटाशीला स्वतः धार लावणारे, स्वयंपाकाच्या सुऱ्या दगडावर घासत बसणारे. घरगुती धारेची शेवटची परीक्षा वस्तराच घेतो, कारण सुरी जराशी बोथट झाली तरी कांदा चिरला जातो, वस्तरा मात्र दाढी ओढायला लागतो. या लोकांना दाढीपेक्षा दगडात जास्त रस असतो. त्यांच्या घरी वस्तरे सात आणि दाढी राखलेली, असंही चित्र दिसतं.

तिसरे येतात त्वचेला कंटाळून. चौथे सिनेमा बघून. २०१२ साली आलेल्या बाँडपटात वस्तऱ्याने दाढी करण्याचा एक प्रसंग आहे, त्यानंतर इंग्लंडात वस्तऱ्यांची मागणी वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या. या चौथ्या गटातले बहुतेक महिन्याभरात परत जातात.

सलूनमध्ये असतो तोच ना हा वस्तरा?

दिसायला तसाच, पण जात वेगळी. आज सलूनमध्ये जो वस्तरा असतो त्याला स्वतःची धार नसते. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं पात्यात अडकवायचं. एकाच वस्तऱ्याने दहा गिऱ्हाइकांची दाढी केली तर रक्तातून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पसरण्याचा धोका असतो. ‘न्हाव्याला नवीन ब्लेड लावायला सांगा’ हा एड्सविरोधी प्रचारातला सल्ला आपल्याकडे खेडोपाडी पोचला, आणि धार लावायचे जुने वस्तरे सलूनमधून जवळपास गेले. चांगलंच झालं ते.

इथे ज्याबद्दल लिहितोय तो वस्तरा म्हणजे अखंड पोलादाचं पातं. ते पट्ट्यावर परजायचं, अधूनमधून दगडावर लावायचं, आणि एकाच माणसाने वापरायचं. भावाभावांतही उसनं द्यायचं नाही.

अर्ध्या ब्लेडचा वस्तरा मात्र हात बसवायला उपयोगी आहे. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा: तो जास्त कापतो. ब्लेड पातळ आणि अतितीक्ष्ण, वस्तऱ्याला वजन नाही. खऱ्या वस्तऱ्याची पाठ जाड असते, वजन असतं, त्यामुळे तो जरा सांभाळून घेतो. स्वस्तातल्याने घाबरून कित्येक जण खऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

यात पैसे वाचतात का?

नाही. हे कारण कुणाला सांगू नका, गणित येणारा माणूस भेटला तर पंचाईत होईल.

ढोबळ हिशेब मांडू. चांगला जर्मन वस्तरा, चामड्याचा पट्टा, एखादा बारीक दगड, ब्रश, साबण मिळून वीस हजार रुपये सहज जातात. महागाची कार्ट्रिज (रेझरला बसवायची, अनेक पात्यांची तयार डोकी) वापरणारा महिन्याला चारएकशे रुपये खर्च करतो असं धरलं, तर खर्च भरून यायला चार वर्षं लागतात. इथपर्यंत ठीक दिसतं. पण दुधारी ब्लेडवाल्याशी तुलना करा. आठवड्याला पाच रुपयांचं एक ब्लेड, वर्षाचे अडीचशे-पावणेतीनशे. त्याच्या बरोबरीला यायला ऐंशीच्या आसपास वर्षं लागतील. शिवाय या छंदातला माणूस एका वस्तऱ्यावर थांबत नाही, हे वेगळंच.

दाढी खरंच जास्त गुळगुळीत होते?

सरावलेल्या हाताने होते. पण सरावलेल्या हाताने दुधारी ब्लेडनेही होते. पहिले दोन महिने तर पूर्वीपेक्षा वाईटच होते. जबड्याच्या कोनाखाली आणि कंठमण्याच्या बाजूला खुंट राहतात.

फरक पडतो तो पात्याच्या लांबीने. कल्ले सरळ रेषेत आणायचे, मिशीची कड कोरायची, दाढीला गळ्याशी आकार द्यायचा, ही कामं वस्तऱ्याने फार छान होतात. पातं उघडं असल्यामुळे आपण काय कापतोय ते डोळ्यांना दिसतं. दाढी राखणाऱ्यांनी वस्तरा घेतला तर मला त्यात जास्त अर्थ वाटतो.

दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात. वस्तऱ्याने जातील?

कमी होऊ शकतात. चार-पाच पाती असलेल्या कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केस जरा ओढून कापतं, तो मागे जाण्याआधी मागचं पातं पुन्हा कापतं. केसाचं टोक त्वचेच्या पातळीखाली राहतं, आणि कुरळा किंवा राठ केस वाढताना बाहेर यायच्याऐवजी आतच वळतो. त्याची लालसर पुटकुळी होते. एकच पातं असलं की केस साधारण त्वचेच्या पातळीवर कापला जातो, म्हणून हा त्रास घटतो.

पण वस्तरा घेऊन कुणी रोज उलटा, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, हात मारायला लागला, तर आगीतून फुफाट्यात. मानेवरचे केस कुठल्या दिशेने उगवतात ते आधी बोटाने चाचपून बघा. बऱ्याच जणांच्या मानेवर ते आडवे, काहींचे तर खालून वर असतात. सुलट्या दिशेने दोन हात पुरेत. ज्यांना कुरळ्या केसांचा हा त्रास मुळातच जोरात आहे त्यांच्यासाठी ट्रिमरने बारीक खुंट ठेवणं हा सगळ्यात साधा उपाय आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञही तेच सांगतात. पू होत असेल तर वस्तरा बाजूला, डॉक्टर आधी.

आणि पर्यावरण?

कचरा होत नाही, खरं आहे. दुधारी ब्लेडचाही फार होत नाही.

आमचे आजोबा म्हणे वस्तऱ्यानेच दाढी करायचे. म्हणजे हा आपला वारसाच ना?

करायचे नाहीत, करवून घ्यायचे. महाराष्ट्रातल्या गावात वस्तरा घराच्या कोनाड्यात नव्हता, न्हाव्याच्या धोकटीत होता. वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, आरसा, चामड्याचा तुकडा असा सगळा संसार त्या धोकटीत. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक, वर्षभर डोई-दाढी करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचं. गिऱ्हाईक आणि न्हावी समोरासमोर उकिडवे बसत. साबण असेच असं नाही, पाण्याने दाढी चोळून चोळून भिजवली जाई. वस्तरा तळहातावर दोन-चारदा फिरवून घेणारे म्हातारे कारागीर अजून कुठेकुठे भेटतात. स्वतःची दाढी स्वतः करायची सवय आपल्याकडे मध्यमवर्गात पसरली ती मुख्यतः विसाव्या शतकात, सेफ्टी रेझरबरोबर. म्हणजे बहुतेक आजोबांच्या हाताला वस्तरा माहीतच नव्हता.

शिवाय त्या वस्तऱ्याभोवती सगळं गोड नव्हतं. तो सगळ्यांच्या दाढीला लागत नसे. साताऱ्यात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती, तरी अस्पृश्य म्हणून कुणी केस कापायचं नाही, म्हणून मोठी बहीणच भावंडांचे केस कापायची, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवलं आहे. विधवांच्या केशवपनालाही हाच वस्तरा. ते काम आम्ही करणार नाही, अशी भूमिका मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली घेतली, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. ‘जुनं ते सोनं’ म्हणत वस्तऱ्याच्या फोटोखाली कविता लिहिणाऱ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं.

आज आपण जो वस्तरा विकत घेतो त्याची परंपरा युरोपातली. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजीव पोलाद करायची रीत बसवली, आणि तिथले वस्तरे जगभर गेले. पुढे जर्मनीच्या सोलिंगन शहराने दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेली पातळ पाती घडवण्यात बाजी मारली. एक धागा मात्र आपल्याकडून जातो. लंडनचा, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे (विजेचा फॅरडे, तोच) यांनी १८२० च्या आसपास पोलादावर प्रयोग केले, त्यांची सुरुवात हिंदुस्थानातून नेलेल्या ‘वूट्झ’ पोलादाच्या अभ्यासातून झाली. त्या खटाटोपातून निघालेल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे.

इतकं चांगलं होतं तर मागे का पडलं?

कारण बहुतेकांना दाढी उरकायची होती, करायची नव्हती. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर फ्रान्समध्ये झां-झाक पेरे याने १७६९ मध्ये पुस्तकच काढलं होतं, आणि पात्याला लाकडी आडोसा लावलेला वस्तराही सुचवला होता. पण खरा घाव घातला किंग कॅम्प जिलेटने. पातळ पत्र्याचं, वापरून फेकायचं ब्लेड. १९०३ साली त्याचे ५१ रेझर खपले, १९०४ साली ९० हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीच्या खुंटांवर घट्ट बसत नाही, आणि खंदकात पट्ट्यावर वस्तरा परजत बसायला कुणाला वेळ होता? युद्ध संपल्यावर ती पोरं रेझर घेऊन घरी आली, आणि त्यांच्या मुलांनी वस्तरा बघितलाच नाही.

गळा कापला जाण्याची भीती?

गळा कापला जात नाही. कापली जाते ती कानाची पाळी, हनुवटीचं टोक, ओठाची कड आणि उघडमीट करताना बोट. जखम बहुतेक वेळा तीन कारणांनी होते: पातं आडवं सरकलं, त्वचा ताणलेली नव्हती, किंवा धार गेलेली असताना जोर लावला. तिसरं कारण नवख्यांना पटत नाही, पण बोथट वस्तराच जास्त कापतो.

वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जाऊ नका. पडू द्या. पाय मागे घ्या. पातं फुटेल, बोटं राहतील.

छोट्या कापावर तुरटीचा ओला खडा फिरवला की रक्त थांबतं. दाढीनंतर पूर्ण चेहऱ्यावर फिरवला तर जिथे चुरचुरेल तिथे आज जोर जास्त पडला, एवढं समजतं. याहून चांगला मास्तर नाही.

पहिली दाढी कशी करू?

पूर्ण दाढी करूच नका. पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल, बाकी नेहमीच्या रेझरने. मग कानाखालचा भाग, मग मान, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी आणि वरचा ओठ.

आंघोळ झाल्यावर बसा. केस भिजून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि यात काटकसर केली तर बिनपाण्याची हजामत होते, शब्दशः. फेस भरपूर, पण फुगीर नको. ब्रशने गोल गोल घोळवून दह्याइतका दाट झाला पाहिजे.

आता पकड. वस्तरा उघडून मूठ वर वळवा. पात्याच्या मागची जी अरुंद मान असते तिच्यावर वरून तीन बोटं, खालून अंगठा, आणि शेवटच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. दुसरा हात डोक्यावरून आणून कानापुढची त्वचा वर ओढा, ढोलकीच्या पुडीइतकी ताणली गेली पाहिजे. पातं गालावर सपाट टेका आणि पाठ जराशी उचला, पाठीच्या जाडीच्या दुपटीइतकी. हा साधारण तीस अंशांचा कोन होतो. त्याहून जास्त उचलली तर पातं खरवडतं, कमी असेल तर केस ओढतं. आता वरून खाली, दोन-तीन सेंटीमीटरचा छोटा हात. दाबायचं नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. धार नीट असेल तर बारीक चरचर ऐकू येते. आवाज येत नसेल आणि गाल दुखत असेल तर थांबा आणि पट्ट्याकडे परत जा.

उजव्या गालाला उजवा हात, डाव्या गालाला डावा, असं शिकलात तर उत्तम. सुरुवातीला डावा हात पोराटकीसारखा वागतो, पण नाकावरून हात आडवा नेण्यापेक्षा ते बरं. आरशात बघताना दिशेचा घोळ होतो, म्हणून आधी बंद वस्तऱ्याने किंवा कंगव्याच्या पाठीने हात फिरवून बघावा.

हनुवटीपाशी घाई करू नका. तिथे त्वचा हाडावरून वळते, पातं सरळ असतं. खालचा ओठ दातांवर ओढून घ्या, म्हणजे वळण जरा सपाट होतं.

किती दिवसांत जमतं?

रोज केलीत तर महिन्याभरात भीती जाते, तीन-चार महिन्यांत पूर्ण चेहरा बिनदिक्कत होतो. शंभर दाढ्या झाल्या की हात बसतो, असा हिशेब वस्तरेवाले सांगतात, तो ढोबळमानाने खरा आहे. सुरुवातीला पाऊण तास धरा, पुढे वीस मिनिटं. सकाळी आठ बावीसची लोकल पकडायची असेल तर सराव रविवारी करा.

पट्ट्यावर रोज परजायलाच हवं का?

हवं. दाढीआधी, दरवेळी. चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या, पट्ट्याला कापडाची बाजू असेल तर आधी तिच्यावर वीस-तीस.

धार हा पोलादाचा इतका पातळ काठ असतो की केसानेही तो बिघडतो. पोलाद केसापेक्षा पन्नासएक पट कठीण असूनही केसाने ब्लेड बोथट का होतं, यावर एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून बघितल्यावर दिसलं की धार नुसती झिजत नाही. वाकलेला केस काठाला विशिष्ट कोनातून भिडला, आणि नेमका तिथे पोलादाचा पोत एकसारखा नसला, की बारीकसा टवका उडतो. रोजचा पट्टा उडालेले टवके भरून काढू शकत नाही, पण वाकलेला काठ सरळ आणि गुळगुळीत करतो.

पद्धत सोपी आहे, पण उलटी. पाठ पुढे, धार मागे. दाढी करताना धार पुढे असते, पट्ट्यावर कधीच नाही. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच उलटायचा. धारेवर उलटला की पट्ट्याला काप गेला आणि धारही गेली. पट्टा ताठ ओढून धरा, सैल पट्ट्यावर काठ गोलसर होतो. घाई नको. सिनेमात सटासट पट्टा मारतात ते हात दाखवून अवलक्षण आहे.

आणि दगड? ते मला जमेल?

दोन ते सहा महिन्यांनी दगडाची वेळ येते, दाढी किती राठ आहे त्यावर. सुरुवातीला जमवू नका, धार लावून देणाऱ्या जाणकाराकडे पाठवा. इतर हत्यारांपेक्षा वस्तरा एका बाबतीत सोपा आहे. पाठ आणि धार दोन्ही दगडावर एकदम टेकवायची, म्हणजे कोन आपोआप ठरतो, हाताने तोलावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी बघून कारखान्यानेच तो कोन आखून दिलेला असतो.

एक हजार नंबरच्या दगडावर मूळ धार बसते, चार आणि आठ हजारांवर ओरखडे बारीक होतात, बारा हजारांवर शेवटचा हात. नैसर्गिक दगडात बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल नावाजलेला आहे. पण सांभाळलेल्या वस्तऱ्याला एक हजारापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, शेवटच्या दगडावर काही फेऱ्या पुरतात. कोपऱ्यावरच्या चाकवाल्याकडे मात्र वस्तरा देऊ नका. सुरीला तो चालतो. वस्तऱ्याचं पातं गरम होऊन पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

कोकणात राहतो. पावसाळ्यात काय करू?

गंज हा वस्तऱ्याचा खरा शत्रू, आणि जून ते सप्टेंबर तो बाथरूममध्ये मुक्कामाला असतो. कार्बन पोलादावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. धारेवर आलेला एक ठिपका म्हणजे दगडाची फेरी.

वस्तरा बाथरूममध्ये ठेवायचाच नाही, हा पहिला नियम. दाढी झाली की पातं पाण्याखाली धरून लगेच मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या फटीत आणि खिळ्यापाशी ओल राहते, तिथे कागदी रुमालाची पट्टी सरकवा. तासभर उघडा ठेवा, मग बंद करा. आठवडाभर वापरणार नसाल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरा. खोबरेल वापरू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि खवट वास मारतं. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या डबीत तर मुळीच नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवला की ऑक्टोबर निर्धास्त. पट्ट्यालाही बुरशी येते, तो कपाटात टांगा.

एवढं नको असेल तर स्टेनलेसचा वस्तरा घ्या. तो अजिबात गंजत नाही असं नाही, पण माफ करतो. दगडावर मात्र जरा हट्टी असतो.

पूर्वी शेफील्ड-सोलिंगनात सात वस्तऱ्यांचा संच मिळायचा, प्रत्येकाच्या पाठीवर वार कोरलेला. धारेला विश्रांती मिळते असा त्यामागे समज. विश्रांतीचं जाऊ द्या, पण पातं पूर्ण सुकायला वेळ मिळतो हा फायदा खरा.

फेस टिकतच नाही. साबण बदलू?

आधी पाणी बदला. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चोथा होतो आणि फेस बसतो. दाढीपुरतं तांब्याभर आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा, तोच साबण वेगळा वागेल. दाढीचा कुठलाही चांगला साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम चालतं. डब्यातून फुसकन येणारा फोम नको, तो दिसतो खूप पण पात्याखाली काही उरत नाही.

पहिला वस्तरा कोणता घ्यावा?

हजार रुपयांच्या आतला, लाकडी मुठीचा, पात्यावर नक्षी काढलेला दिसला की पुढे चला. बहुतेकदा तो वस्तऱ्याच्या आकाराचा पत्रा असतो, त्याला धार लागतच नाही. मग माणूस स्वतःला दोष देत बसतो.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश घ्या. टोक गोल हवं. चौकोनी टोक दिसायला रुबाबदार, पण नवख्याच्या कानाला महागात पडतं. पूर्ण पोखरलेलं पातं पातळ, चरचर जास्त; अर्धं पोखरलेलं जरा वजनदार, राठ दाढीला बरं. सोलिंगनचा डोव्हो किंवा बोकर, फ्रान्समधल्या तिएर गावचा तिएर-इसार, ही विश्वासाची नावं. ‘सोलिंगन’ हा शब्द जर्मन कायद्याने राखलेला आहे, महत्त्वाचं सगळं काम त्या भागात झालं असेल तरच पात्यावर घालता येतो. तरी नकली माल मिळतो, दुकानदार बघून घ्या. आणि विकत घेताना एकच प्रश्न विचारा: दगडावर लावून दाढीला तयार करून देता का? कारखान्यातून आलेली धार दरवेळी दाढीजोगी असतेच असं नाही. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं दुकान.

जुना शेफील्ड स्वस्तात मिळाला तर घ्या, पण धारेला टवके, पात्याला केसाएवढी चीर किंवा काठापाशी काळे खड्डे असतील तर सोडून द्या. पाठीवरचा गंज चालतो, धारेवरचा नाही.

कुणी करू नये?

हात थरथरतो त्यांनी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चेहऱ्यावर उठावदार तीळ, चामखीळ, पिकलेली मुरुमं असतील तर त्या जागा वगळून. आणि घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल तर वस्तरा कुलपात, नुसता वरच्या फळीवर पुरत नाही. दाढी चालू असताना बाथरूमला आतून कडी लावा. मूल येऊन पायाला मिठी मारतं, तो क्षण वाईट.

प्रवासात नेता येतो?

रेल्वेने हो. विमानात केबिनच्या सामानात नाही, चेक-इन बॅगेत चालतो. पट्टाही न्यावा लागतो, म्हणून चार दिवसांच्या प्रवासाला बहुतेक जण साधा रेझरच नेतात. त्यात कमीपणा काही नाही.

सुरू करून सोडून देणारे बरेच असतात?

बरेच. दगडाची पहिली वेळ येते तेव्हा सगळ्यात जास्त गळती होते. नवा वस्तरा तीन महिने छान चालतो, मग ओढायला लागतो, धार लावून देणारा जवळपास नसतो, कुरिअरने पाठवायचा कंटाळा येतो आणि वस्तरा कपाटात जातो. दुसरी गळती मूल झाल्यावर. म्हणून घेण्याआधीच आपल्या शहरात धार कोण लावतो ते शोधून ठेवा. मुंबई-पुण्यात हौशी मंडळी आहेत, पोस्टाने घेऊन परत पाठवतात. आणि सोडलाच तर विकताना पातं खिडकीशी धरून टोकापासून मानेपर्यंत जवळून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. घेणारा ते फोटो मागणारच, आणि न मागणाऱ्याला विकू नका, त्याला धारेतलं काही कळत नसतं आणि महिन्याभराने तक्रार तुमच्याकडेच येते.